सुभद्राबाईंच्या वाटणीचा श्रावण

सुभद्राबाई कुठल्याही घरात शिरल्या की आधी पाणी मागत. तहान असो वा नसो. दारातच ट्रेमध्ये भरलेले ग्लास घेऊन कुणी उभं असलं, तरी "ऱ्हाऊ दे बाय, माठातलं घेते मी," म्हणत त्या थेट स्वयंपाकघर गाठत. तिथे ओट्याला टेकून एक ग्लास पाणी प्यायला त्यांना पंधरा मिनिटं लागत. बाहेर येत तेव्हा त्या घरातल्या सासूने काजूचा डबा कशामागे दडवलाय, सुनेने कुकर कितव्यांदा करपवला, जावयाला पंख्याखालचीच खुर्ची का लागते आणि थोरल्या जावेने धाकटीला दिलेली साडी मुळात थोरलीला कुणी दिली होती, हे सगळं पाण्याबरोबर त्यांच्या पोटात गेलेलं असे.

पुढच्या तासाभरात ते सगळं बाहेर येई, आणि तेही भर बैठकीत, नऊवारीचा पदर खोचून.

कारण सुभद्राबाई निगडीच्या भिंगरी मंडळातल्या सासू होत्या. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीची मंगळागौर असली की खेळ खेळायला या अकरा जणींना बोलावणं येई. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा सगळं व्हायचं. पण बायका वाट बघायच्या ती शेवटच्या सासू-सुनेच्या लटक्या भांडणाची. त्यात सून व्हायची नीलिमा. ती निगडी प्राधिकरणात राहणारी, बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेली, जिभेला धार असलेली बाई. हे भांडण कुणी लिहिलेलं नव्हतं. त्या त्या घरातल्या माठातून ते दर वेळी ताजं भरलं जाई. काजूचा डबा निघाला की खरी सासू लाजून पदर तोंडावर घ्यायची, खरी सून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची, आणि वर्षभर जे बोलता आलं नाही ते परस्पर बोलून झालेलं असायचं. काही घरं तर दुसऱ्या दिवशी फोन करून सांगत, "ताई, डबा आता खालच्या फडताळात आलाय बरं का."

सुभद्राबाई मूळच्या या खेळांतल्या नव्हेत. त्या कुरुळीच्या. चाकणच्या कारखान्यांच्या मधोमध सापडलेलं हे गाव. तिथे पूर्वी मंगळागौर कुणाला ठाऊक नव्हती. फुगडी होती ती नागपंचमीची, ओढ्याकाठची. आता ओढ्याला भिंत आहे आणि भिंतीपलीकडे कुणाचं तरी गोदाम. चौदा वर्षांपूर्वी इंदुताई, निगडीच्या शाळेतल्या निवृत्त बाई आणि भिंगरी मंडळाच्या चालक, कुरुळीला एका हळदीकुंकवाला आल्या होत्या. तिथे त्यांनी सुभद्राबाईंना एका हाताला एक अशा दोन जणींना एकदम गरगर फिरवताना पाहिलं. दोघी थांबा थांबा म्हणून ओरडत होत्या आणि सुभद्राबाई फिरता फिरता यजमानणीला चहात आलं घालायची आठवण करत होत्या. इंदुताईंनी तिथेच त्यांचा हात धरला.

तेव्हापासून श्रावण आला की सुभद्राबाई निगडीच्या, आणि मारुतराव दारासमोरच्या ओट्यावर. मारुतराव म्हणजे त्यांचे यजमान. अर्ध्या जमिनीवर कारखाना आला, उरलेल्या अर्धीवर मारुतरावांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या, आणि मग करण्यासारखं काही न राहिल्यामुळे ते रस्त्यावरून जाणाऱ्या कंटेनरच्या पाट्या वाचून कोणता कुठल्या राज्यातला ते सांगत बसत. चहाची वेळ झाली की त्यांचा आवाज वाढे. सुभद्राबाईंचा ठरलेला उखाणाच त्यावर होता:

"कुरुळीच्या फाट्यावर कंटेनरची रांग,
मारुतराव विचारतात, चहा कधी ते सांग."

यंदा वैशाखात त्यांच्या मुलाचं, शेखरचं, लग्न झालं. सून आली प्राजक्ता. चाकणच्याच एका कंपनीत माणसांच्या भरतीच्या आणि तक्रारींच्या खात्यात नोकरीला. शांत, नीटस, आणि भांडणाच्या बाबतीत संपूर्ण निराशाजनक. सुभद्राबाई काही म्हणाल्या की ती "बरं आई" म्हणायची, आणि चेहरा असा करायची की जणू मुद्द्याची नोंद झाली आहे.

"भांडतच न्हाई वो," सुभद्राबाई नीलिमाकडे तक्रार करत. "चौदा वर्सं लोकांच्या सुनांशी भांडून घसा बसवला. आता घरची आली, तर तोंड उघडंना."

"अहो, मंगळागौरीला उघडेल," नीलिमा म्हणायची. "पहिली मंगळागौर आहे तिची. मी बसते बाजूला. तुम्ही दोघीच भांडा."

झालं, सुभद्राबाईंनी तेच मनाशी घेतलं. आपल्या घरात, आपल्या माणसांपुढे, आपल्या खऱ्या सुनेशी एकदा ते भांडण खेळायचं. त्यासाठी त्यांनी हिरवी नऊवारी घेऊन ठेवली. वन्संना, जावांना, पार भोसरीच्या मावससासूला सांगून ठेवलं. आणि नेमकं यंदाच्याच ज्येष्ठात इंदुताईंनी मंडळ विकलं.

विकलं म्हणजे वाईट बुद्धीने नव्हे. इंदुताईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी बसफुगडीसुद्धा बंद केली होती. आपल्यामागे मंडळ कुणी सांभाळायचं, ही चिंता त्यांना होती. तेवढ्यात हुर्रेबॉक्स नावाच्या कंपनीचा फोन आला. वाढदिवसाचे फुगे, कंपन्यांमधल्या दिवाळ्या, लग्नातली मेंदी असलं सगळं ते मोबाइलवरून पुरवत. मुख्य ऑफिस गुडगावला, इकडचं वाकडला. त्यांना आता 'ट्रॅडिशनल'मध्ये उतरायचं होतं.

इंदुताईंच्या हॉलमध्ये अकरा जणी आणि साबुदाण्याची खिचडी यांच्यासमोर त्या कंपनीची श्रद्धा लॅपटॉप उघडून बसली. वय सत्तावीस, केस वर बांधलेले, हुद्दा 'सिटी एक्सपीरियन्स लीड'. बोलायला गोड.

"आम्ही भिंगरीचा आत्मा तसाच ठेवणार आहोत," ती म्हणाली. "फक्त तिला स्केल करणार."

"स्केल म्हंजे ती पोरांच्या दप्तरातली पट्टी न्हवं?" सुभद्राबाईंनी नीलिमाच्या कानात विचारलं. "फुगडी मोजनार का काय?"

"गप्प बसा हो. मोठं करणार म्हणतायत."

मग कागद आले. प्रत्येकीला तेवीस पानं. सुभद्राबाईंना वाटलं मस्टर आहे, म्हणून जिथे जिथे रेघ दिसली तिथे तिथे त्यांनी सही केली. एका पानावर रेघ नव्हती, तिथे वाईट दिसू नये म्हणून केली. घरी जाऊन त्यांनी कागदांची घडी फ्रिजवर टाकली आणि वर शेंगदाण्याचा डबा ठेवला.

"कुनी घेतलं म्हनं मंडळ?" मारुतरावांनी विचारलं.

"हुरडाबॉक्सनं."

"मग हिवाळ्यात बरं पडंल," मारुतराव म्हणाले.

आषाढ लागला आणि वाकडला सातव्या मजल्यावर प्रशिक्षण सुरू झालं. एसीच्या गारठ्याने अकरा जणी पदर लपेटून बसल्या होत्या. प्रत्येकीला नऊवारीवर घालायचं जांभळं जाकीट मिळालं, पाठीवर 'हुर्रे!' लिहिलेलं. जमिनीवर चिकटपट्टीने गोल आखले होते. फुगडी त्या गोलातच खेळायची. चाळीस सेकंद झाले की मोबाइल पीं करणार. पीं झालं की सोडायचं.

"सोडायचं?" नीलिमा म्हणाली. "अहो, फिरता फिरता सोडलं तर समोरची जाईल कुठे?"

"सुरक्षेसाठीच आहे ते," श्रद्धा म्हणाली.

"म्हनलं न्हवतं," सुभद्राबाई पुटपुटल्या, "पट्टी आननार म्हनून?"

पण खरा धक्का पुढे होता. श्रद्धाने भांडणाचा कागद वाटला. भांडण आता चार मिनिटांचं होतं आणि ते असं होतं. सासू म्हणणार, "अगं सूनबाई, आजकाल तू फोनवर फार असतेस." सून म्हणणार, "चला सासूबाई, एक सेल्फी काढूया." पुढे कंसात लिहिलं होतं, 'दोघी हसतात.'

सुभद्राबाईंनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"हसतात कशाला?"

"तिथे हसायचंय, काकू."

"पर झालं काय हसन्यासारखं?"

"काकू, देशभरात एकच अनुभव मिळायला हवा ना. इथे एक, नाशिकला वेगळं, असं चालत नाही."

"आगं, पन नाशिकला काजूचा डबा कुठं हाय ते मला हितं बसून कसं कळनार?"

श्रद्धाने तेही समजावून सांगितलं. घरातल्या खासगी गोष्टी आता घ्यायच्या नाहीत. यजमानांच्या स्वयंपाकघरात जायचं नाही. आणि पाणी मागायचं नाही. पाण्यासाठी प्रत्येकीला जांभळी बाटली दिलेली आहे.

त्या दिवशी घरी येताना सुभद्राबाई बाटली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तान्हं पोर दुसऱ्या कुणाचं आपल्याकडे आलं की बाई जशी बसते, तशा.

उखाण्यांचं तर विचारूच नका. कार्यक्रमाला मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीचं पाठबळ होतं, म्हणून प्रत्येकीने नाव घ्यायचं ते मिक्सरचं. कागदावर लिहून आलं होतं:

"मंगळागौरीच्या दिवशी करते मी पूजा,
टर्बोलक्ष्मी मिक्सरसारखा साथीदार नाही दुजा."

सुभद्राबाईंनी घरी पाठांतर करताना हे दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत मारुतराव ओट्यावरून उठून आत आले.

"कोन साथीदार?"

"मिक्सर."

"इतकी वर्सं माझं नाव घेतलंस. आता मिक्सरचं घेनार?"

"म्या कुठं मागितलं? वरनं आलंय."

"त्याला म्हनावं सात-बाऱ्यावर नाव लावून घे आदी," मारुतराव म्हणाले आणि त्या दिवशी चहा न मागता पुन्हा कंटेनर मोजायला गेले. चहा न मागणं हे त्यांच्या लेखी उपोषण होतं, आणि ते त्या दिवसापासून सुरू झालं.

दरम्यान जाहिरात आली. 'भिंगरी बाय हुर्रेबॉक्स.' त्यात दोन उंच मुली फुगडी खेळत होत्या, हाताची अढी न घालता, सरळ हात धरून. जणू कुणी कुणाला बसमध्ये चढवतंय. इंदुताईंनी ती मोबाइलवर चार वेळा पाहिली. पाचव्यांदा त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि चष्मा पुसत बसल्या.

मग पहिल्या कार्यक्रमाची तारीख आली, आणि सुभद्राबाईंनी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली.

"श्रद्धाबाय," त्यांनी फोन लावला, "तुमी धाडलेला मंगळवार आषाढातला हाय."

"नाही काकू, सेंट्रल कॅलेंडर गुडगावहून येतं. श्रावण चालू होतोय."

"आगं, अजून दिव्यांची आवस व्हायचीय! लोकं कोंबड्या कापायला बसलीत. श्रावनाच्या आदी आठवडाभर खाऊन घेत्यात सगळी."

"तुम्ही ॲपवर तक्रार टाका ना, काकू. प्रोसेस आहे."

प्राजक्ताने सासूच्या वतीने तक्रार टाकली, 'तारखा आषाढातल्या आहेत, कृपया तपासाव्यात.' तीन दिवसांनी उत्तर आलं, 'श्रावणाच्या तारखा तपासल्या. त्या बरोबर व अंतिम आहेत. तक्रार निकाली.' प्राजक्ताने "बरं" म्हटलं आणि ते उत्तर जपून ठेवलं. तिची सवयच होती तशी.

त्या मंगळवारी वाकडच्या एका बावीस मजली सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये भिंगरी मंडळ उतरलं. शेजारच्या दालनात सोसायटीतल्या पुरुषांनी आखाड ठेवला होता. दोन दालनांमध्ये एक सरकती भिंत, आणि भिंतीच्या फटीतून रश्श्याचा वास. मराठी बायकांनी दारातून डोकावून "अहो, आषाढात कसली मंगळागौर?" म्हणत पाय काढला. उरल्या त्या दिल्ली, लखनौकडच्या आठ-दहा जणी. हातांवर मेंदी काढून, हिरव्या बांगड्या भरून उत्साहाने आलेल्या. त्यांच्याकडे खरोखरच श्रावण चालू होता. झोका कुठे आहे, असं त्या राहून राहून विचारत होत्या.

फुगडी सुरू झाली. पीं झालं. नीलिमाने नियमाप्रमाणे हात सोडले. समोरची, वजनदार, थेट सरकत्या भिंतीवर गेली, आणि भिंत सरकली. पलीकडे हातात तंगडी धरलेले चौदा गृहस्थ. अलीकडे जांभळ्या जाकिटातल्या अकरा बायका. पलीकडच्या एका आजोबांनी तोंडातला घास तसाच ठेवून नमस्कार केला.

"उखाना घेऊ का आता?" सुभद्राबाईंनी श्रद्धाला विचारलं.

तरीही भांडणाच्या वेळी एक म्हातारी पुढे येऊन बसली. मराठीच, लेकीकडे आलेली. "मागच्या वर्षी माझ्या भाचीकडे बघितलं होतं मी तुमचं भांडण," ती म्हणाली. "त्यासाठी थांबलेय." सुभद्राबाईंनी ते फोनचं म्हटलं, नीलिमाने ते सेल्फीचं. दोघी हसल्या. म्हातारी वाट बघत राहिली. पुढे काही येत नाही हे लक्षात आल्यावर तिने पिशवी उचलली आणि जाता जाता सुभद्राबाईंच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "बरं नाही का गं तुला?"

त्या एका प्रश्नाने सुभद्राबाई दोन दिवस जेवल्या नाहीत धड.

खरा श्रावण लागला तेव्हा त्यांनी श्रद्धाकडे एका मंगळवारची सुट्टी मागितली. घरी सुनेची मंगळागौर आहे म्हणून.

"सुट्टी देता येईल, काकू. पण सीझनमध्ये कंपनीबाहेर खेळ खेळता येत नाही. करारात आहे."

"भाईर कुठं? घरात खेळनार."

"घर पण धरलंय त्यात. तुम्ही असं करा ना, ॲपवर बुकिंग करा, आम्ही टीम पाठवू. फक्त तुम्ही त्या टीममध्ये नसाल. गिऱ्हाईक आणि कलाकार एकच असलं की सिस्टिम घेत नाही."

"मंग सासू कोन व्हनार?"

"पनवेलची टीम आहे ना. छान करतात त्या."

सुभद्राबाईंनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कानाला लावला.

"माझ्या घरात, माझ्या सुनंची सासू पनवेलवरनं येनार?"

"काकू, मला पण वाईट वाटतंय, खरंच. पण नियम मोडला तर नोटीस सगळ्या अकरा जणींना जाते. आणि इंदुताईंचा व्यवहारच रद्द होतो."

इंदुताईंचं नाव आल्यावर सुभद्राबाईंनी फोन ठेवला. स्वतःला नोटीस आली असती तर त्यांनी ती शेंगदाण्याच्या डब्याखाली घातली असती. पण गुडघ्यांना पट्टे बांधून घरात भिंत धरून चालणाऱ्या बाईला आपल्या हौसेपायी कागद यावा, हे त्यांना पटेना. त्यांनी हिरवी नऊवारी कपाटात खाली सरकवली. वन्संना फोन केला, "पूजा व्हईल, जेवन व्हईल. खेळ न्हाई."

"अगं, मग यायचं कशाला?" वन्सं म्हणाल्या. वन्संचा मोकळेपणा जुनाच होता.

त्या संध्याकाळी प्राजक्ता कामावरून आली, तर सासूबाई पोळपाटापुढे लाटणं हातात धरून नुसत्या बसलेल्या. तिने पर्स बाजूला ठेवली. फ्रिजवरचा डबा उचलला, खालचे कागद काढले, त्यांवरची शेंगदाण्याची टरफलं झटकली आणि खुर्ची ओढून वाचायला बसली. तेवीस पानं. मधून मधून पेन्सिलीने खूण करत. सुभद्राबाईंनी तोवर अकरा पोळ्या लाटल्या.

"आई," बाविसाव्या पानावर प्राजक्ता म्हणाली, "सीझन म्हणजे श्रावण महिना, असं लिहिलंय. परिशिष्टात तारखा दिल्यात. सुरुवात गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी."

"ती चुकलीच हाय. तवा आषाढ असतो."

"आणि शेवट राखीपौर्णिमा."

लाटणं थांबलं.

"पौर्निमेला श्रावन कसा संपंल? आवसंला संपतो. मंग गोकुळाष्टमी कुठं जानार? आन पोळा? बैल काय भादव्यात सजवायचं?"

"त्यांच्याकडे महिना पौर्णिमेला संपतो, आई. उत्तरेकडे तसंच धरतात. त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो आणि पंधरा दिवस आधी संपतो."

ओट्यावर बसलेल्या मारुतरावांच्या कानावर हे पडलं. जमिनीच्या भाषेतलं काही कानावर पडलं की त्यांना दुरून ऐकू येई. ते आत आले.

"म्हंजे बांध सरकवला म्हना की त्यांनी," ते म्हणाले. "आषाढातलं पंधरा दिस आत घेतलं, आन ह्या अंगाचं पंधरा दिस सोडलं."

"तसंच."

"मंग सोडलेला तुकडा कुनाचा?"

प्राजक्ताने मोबाइल उघडून ते जपलेलं उत्तर वाचून दाखवलं, 'श्रावणाच्या तारखा तपासल्या. त्या बरोबर व अंतिम आहेत.'

"आपला," ती म्हणाली. "त्यात दोन मंगळवार येतात."

मारुतरावांनी इतक्या दिवसांनी चहा मागितला.

पोळ्याच्या आधीचा मंगळवार ठरला. रात्रभर जागवायचे दिवस गेले. दुपारी चार ते सात असं बोलावणं धाडलं. अकराच्या अकरा जणी आल्या, जाकिटं घरी ठेवून. इंदुताईंना नीलिमाने गाडीतून आणलं. गुडघ्यांचे पट्टे लुगड्याखाली दडवून त्या खुर्चीत ताठ बसल्या. भोसरीच्या मावससासू आल्या. वन्सं तर तीनलाच येऊन बसल्या होत्या. आणि झिम्म्याचा दुसरा फेर चालू असताना दारात श्रद्धा उभी. पाठीला लॅपटॉपची पिशवी, कपाळावर घाम. कुणीतरी फुगडीचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता आणि तो फिरत फिरत गुडगावला पोचला होता.

झिम्मा थांबला. सुभद्राबाई पुढे झाल्या.

"ये बाय. पानी पिनार?"

त्यांनी तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं. तिथे प्राजक्ताने परिशिष्टाचं पान आणि ॲपवरचं उत्तर तिच्यासमोर ठेवलं. श्रद्धाने ते दोनदा वाचलं. मग तिने फोन लावला, आणि बाहेरच्या पंचवीस बायकांनी श्वास रोखून एका बाजूचं बोलणं ऐकलं.

"हां सर, खेल चालू है... नहीं सर, सीझन में नहीं है। तारीखें अपनी ही हैं... सर, आपका खतम हुआ, यहाँ अभी चल रहा है... जी, श्रावण ही... पता नहीं सर, दो होते हैं।"

पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. श्रद्धा "जी सर" म्हणत राहिली. फोन ठेवून तिने माठातल्या पाण्याचा ग्लास एका दमात संपवला, आणि दुसरा मागितला. पंधरा मिनिटांनी दोघी बाहेर आल्या तेव्हा सुभद्राबाईंना कळलेलं होतं की पोरगी सकाळपासून उपाशी आहे, बापाला रात्रपाळी आहे, आणि ती रोज डबा नेते पण परत तसाच आणते.

"हिला आदी वाढा," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून मधे उभ्या राहिल्या. "आता भांडन."

नीलिमा बाजूला झाली. प्राजक्ता पुढे आली, हिरव्या शालूत, हातात काहीच नाही. सुभद्राबाईंनी चौदा वर्षांचा घसा साफ केला.

"काय गं भवाने, सासू उन्हातनं आली, पानी विचारलंस का कंदी? सासू बोलली तर बरं, न्हाई बोलली तरी बरं! माझं घर हाय का तुजं हापिस?"

बायका हसल्या. सगळे प्राजक्ताकडे बघू लागले. तिने बांगड्या मागे सारल्या. सुभद्राबाईंनी खोचलेला पदर पुन्हा खोचला. आता ही 'बरं आई' म्हणते की काय!

"पाच मे," प्राजक्ता म्हणाली. "सकाळी साडेसात. सासूबाईंनी माझ्या चहाचा एक घोट घेतला आणि तोंडाने काही न बोलता मांजरासमोर कप ठेवला. मांजरानेही प्यायला नाही, हे त्यांनी तीन घरी सांगितलं."

वन्सं खाली बसल्या.

"अठरा मे. 'माझं काही म्हणणं नाही' असं म्हणून सव्वा तास म्हणणं मांडलं. दोन जून. माझ्या माहेरचं लोणचं छान आहे म्हणाल्या, आणि बरणी पाहुण्यांच्या फडताळात, आंब्याच्या पिशवीमागे. पाहुणे येऊन गेले, बरणी अजून तिथेच आहे. अकरा जून. मामंजींनी माझ्या हातचा चहा चांगला म्हटला. त्या दिवशी मामंजींना जेवणात कारलं. बारा जून, कारलं. तेरा जून..."

"कारलं!" ओट्यावरून मारुतराव ओरडले. "लिव्ह पोरी, सगळं लिव्ह!"

हसून हसून घर खाली बसलं. भोसरीच्या मावससासूंना ठसका लागला. इंदुताई खुर्चीच्या दांड्यावर थापा मारत होत्या. श्रद्धा तोंडात पुरणपोळीचा घास घेऊन भिंतीला टेकून गदगदत होती. सुभद्राबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, तोंड उघडं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पुढचं वाक्य सुचत नव्हतं. डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं.

"वैशाखापासनं लिवतीस?" शेवटी त्या म्हणाल्या.

"नोंद ठेवते, आई. सवय आहे."

"मंग भांडली का न्हाईस?"

"तुम्ही मंगळागौरीसाठी राखून ठेवलं होतं ना?"

मग फुगडी झाली, सासू-सुनेची. हातांची घट्ट अढी घालून. किती वेळ चालली ते कुणी मोजलं नाही.

दिवाळी झाल्यावर हुर्रेबॉक्सने 'ट्रॅडिशनल' बंद केलं. चालत नाही म्हणाले. श्रावणातल्या त्या शेवटच्या दोन मंगळवारी प्राधिकरणातल्या पन्नासेक घरांनी त्यांच्या ॲपवर भिंगरी शोधलं होतं आणि त्यांना 'सीझन संपला' एवढंच दिसलं होतं. हे गुडगावला कुणाच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. श्रद्धा दुसऱ्या नोकरीला लागली. जाताना तिने सुभद्राबाईंना फोन करून सांगितलं की डबा आता संपवून आणते. इंदुताईंनी कंपनीला पत्र लिहून मंडळाचं नाव तेवढं परत मागितलं. उत्तर आलं, नाव ही कंपनीची मालमत्ता आहे, देता येणार नाही. मंडळ बंद करून त्याचं नाव कुलपात कशाला ठेवायचं, हे इंदुताईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवशी त्यांनी नीलिमाकडून जुने फोटो मागवून घेतले आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने 'भिंगरी' असं लिहिलं, शाळेतल्या अक्षरात.

करार तीन श्रावणांचा आहे. ट्रॅडिशनल बंद झालं तरी कागद बंद झालेला नाही, असं प्राजक्ताने वाचून सांगितलं. पण अकरा जणी खेळतातच. पुढच्या आषाढात बोलावण्यांचे फोन सुरू झाले तेव्हा सुभद्राबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या, आणि फोन कानाला धरायचं काम मारुतरावांकडे होतं.

"मंडळाचं नाव काय लिहू, काकू?" पलीकडून कुणी प्राधिकरणातली बाई विचारत होती. "पत्रिकेत टाकायचंय."

"नाव आमी फक्त नवऱ्याचं घेतो बाय," सुभद्राबाई म्हणाल्या. मारुतरावांनी फोन जरा जवळ धरला. "तू नुसतं लिव्ह, पानी मागनाऱ्या बायका. समजतंय लोकांना."

"बरं. मग नागपंचमीनंतरचा मंगळवार धरू?"

"नगं. पौर्निमेच्या फुडचा धर," सुभद्राबाईंनी पाकळी फुंकरून टरफल उडवलं. "अल्याडचा श्रावन इकलेला हाय."